गुडघ्याचा मुका मार व मुरगळ (खानदेश)

गुडघ्यावर थेट आघात होऊन कातडी न फाटता आतील ऊतक चेचले गेल्यास त्याला मुका मार म्हणतात. पाय रोवलेला असताना धड वळल्याने किंवा गुडघा आडवा झुकल्याने सांध्याचे अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधणारे चिवट पट्टे) ताणले वा फाटले, तर ती मुरगळ होय. जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांत दोन्ही इजा नित्याच्या आहेत. रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी चालू असते तेव्हा खांद्यावर घड घेतलेला मजूर ओल्या सरीतून बांधावर चढतो. पाय गाऱ्यात रुतलेलाच राहतो आणि ओझ्यासकट धड फिरते. गुडघ्याच्या आतल्या अंगाचा बंध ताणला जातो तो याच क्षणी. याखेरीज दुचाकीवरून पडणे, सातपुड्यातील उतरणी, यात्रेतील कुस्त्या आणि शाळेच्या मुरमाड मैदानावरची कबड्डी ही नेहमीची कारणे.

मांडीचे हाड, नडगीचे हाड व वाटी यांच्या या सांध्याला चार मुख्य बंध आवरून धरतात : आतल्या व बाहेरच्या अंगाला एकेक आणि सांध्याच्या पोटात एकमेकांना छेदणारे दोन. दोन हाडांमध्ये अर्धचंद्राकृती कूर्चेच्या दोन गाद्या असतात. मुरगळ बंधांना होते. पण तोच हिसका गादीलाही फाडू शकतो, आणि बाहेरून पाहता दोन्ही इजा सारख्याच दिसतात.

ओळख : मुक्या मारात दुखरी जागा रुग्ण एका बोटाने दाखवतो, बहुधा वाटीवर किंवा तिच्या काठाला. सूज कातडीखाली असते. जांभळा डाग पुढे हिरवट, मग पिवळा होत जातो, कारण साकळलेल्या रक्तातील रंगद्रव्याचे टप्प्याटप्प्याने विघटन होते. दोन-चार दिवसांनी डाग नडगीवर, कधी घोट्यापर्यंत उतरतो, आणि मार पसरला असे समजून घरची माणसे घाबरतात. रक्त वजनाने खाली झिरपलेले असते, एवढाच त्याचा अर्थ. वाकवलेल्या गुडघ्यावर जोराने पडल्यास मात्र आतल्या छेदबंधांपैकी मागचा बंध तुटू शकतो. तेव्हा केवळ मुका मार म्हणून सोडून देऊ नये.

मुरगळीत सूज कधी आली हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच विचारायचा राहून जातो. इजेनंतर दोन तासांच्या आत गुडघा टच्च फुगला, तर सांध्यात रक्त उतरले असण्याची शक्यता मोठी. पुढचा छेदबंध तुटणे हे त्याचे सर्वांत नेहमीचे कारण, आणि इजेच्या वेळी ‘कट्’ असा आवाज आल्याचे रुग्ण अनेकदा सांगतो. सूज दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हळूहळू चढली, तर ते बहुधा सांध्याचे पाणी असते आणि इजा तुलनेने सौम्य किंवा गादीची असते. सूज सांध्यातील आहे की वरची, हे घरी पाहता येते. दोन्ही पाय सरळ पसरून बसावे. वाटीच्या दोन्ही अंगांना असलेले खळगे निरोगी पायावर दिसतात, पाणी भरलेल्या गुडघ्यावर ते बुजतात. मांडीकडून एका हाताने सूज खाली दाबून धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने वाटी दाबली, तर ती हाडावर टेकून पुन्हा वर येते.

मुरगळीच्या तीन प्रती मानतात. पहिलीत बंधाचे थोडे तंतू ताणले जातात व सांधा स्थिर राहतो. दुसरीत बंध अर्धवट फाटतो. तिसरीत पूर्ण तुटतो. तिसरीत पहिली कळ ओसरल्यावर वेदना दुसरीपेक्षा कमी वाटू शकते, म्हणून वेदनेवरून प्रत ठरवू नये. चालताना गुडघा दगा देणे ही खूण अधिक विश्वसनीय.

क्ष-किरण चित्र कोणाचे काढावे यासाठी कॅनडातील ओटावा येथे १९९०च्या दशकात तयार झालेले निकष आजही वापरले जातात : वय ५५ किंवा अधिक, फक्त वाटीवर दुखणे, नडगीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या बारीक हाडाच्या वरच्या टोकावर दुखणे, गुडघा ९० अंशांपर्यंत न वाकणे, इजेनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले न टाकता येणे. यांपैकी एकही असल्यास चित्र काढावे. हे निकष प्रौढांसाठी आहेत. वाढत्या वयातील मुलांत बंधापेक्षा हाडाची वाढ-पट्टी कच्ची असते, त्यामुळे मुलाच्या गुडघ्याची ‘मुरगळ’ प्रत्यक्षात त्या पट्टीचा अस्थिभंग असू शकते.

प्राचीन वर्णन : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात (अध्याय १५) सांध्याच्या इजेचे उत्पिष्ट, विश्लिष्ट, विवर्तित, अवक्षिप्त, अतिक्षिप्त व तिर्यक्क्षिप्त असे सहा प्रकार आहेत. पसरणे, आखडणे व वळवणे न जमणे, तीव्र वेदना आणि स्पर्श न सोसणे ही त्यांची सामान्य लक्षणे. यात मुरगळीला स्थान आहे का, याविषयी मतभेद आहेत. सर्व सहा प्रकार सांधा निखळण्याचेच, असे एक मत; तर विश्लिष्टाची ‘अल्प सूज, सतत वेदना व सांध्याच्या कार्यात बिघाड’ ही लक्षणे बंधांच्या इजेशी जुळतात, असे दुसरे. लक्षणे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, मात्र अर्धवट निखळणेही त्यात बसते हे नाकारता येत नाही. संहितेचा काळही वादग्रस्त आहे. परंपरा तो इ. स. पू. सहाव्या शतकापर्यंत मागे नेते. आजच्या रूपातील ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाला असावा. जानू (गुडघा) हे मर्म असून त्यावरील आघाताने लंगडेपणा येतो, असेही तेथे म्हटले आहे. चिकित्सास्थानातील (अध्याय ३) बंधनाचे नियम विशेष नोंद घेण्याजोगे आहेत : पट्टी सैल असल्यास सांधा स्थिर होत नाही, फार घट्ट असल्यास सूज व वेदना येते, म्हणून ती मध्यम बांधावी, थंड ऋतूत सात, साधारण ऋतूत पाच व उष्ण ऋतूत तीन दिवसांनी ती बदलावी. तरुण वयात सांधा महिन्याने, मध्यम वयात त्याच्या दुपटीने व उतारवयात तिपटीने स्थिर होतो, हा त्यातील अंदाज आजच्या अनुभवापासून फार दूर नाही.

उपचार : विश्रांती, बर्फ, दाबपट्टी व पाय उंच ठेवणे हे सूत्र अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केले. पुढे त्यांनी स्वतःच बर्फ व पूर्ण विश्रांती यांविषयी मत बदलले, कारण सूज ही दुरुस्तीचाच भाग असते. २०१२ नंतरच्या सूत्रांत विश्रांतीऐवजी लवकर व बेताचा भार देण्यावर भर आहे. बर्फाने बंध लवकर सांधतो असा पुरावा नाही. वेदना मात्र कमी होते, आणि पहिल्या दोन दिवसांपुरता तो वापरण्यास हरकत नाही. फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटे, मधे दोन-तीन तास सोडून. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात घरी बर्फ नसल्यास माठाच्या पाण्यात भिजवलेला पंचाही चालतो. पाय गोधडीच्या घडीवर छातीपेक्षा उंच ठेवावा. क्रेप बँडेजखाली पाऊल गार पडले वा मुंग्या आल्या तर ते लगेच सैल करावे. वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरते. उन्हातून आलेल्या, पाणी कमी प्यालेल्या माणसाने आयब्युप्रोफेन गटातील गोळ्या घेतल्यास मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो.

खानदेशात एक अपवाद कटाक्षाने पाळला पाहिजे. सातपुड्यातील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार बराच आढळतो. अशा रुग्णाला बर्फ लावू नये. थंडीने वेदनेचा झटका येऊ शकतो. शिवाय मार न लागता सांधा दुखू वा सुजू लागला, तर ती मुरगळ समजून चोळत बसण्याऐवजी रक्त तपासून घ्यावे.

घरगुती उपायांत आंबेहळदीचा लेप आणि निरगुडीच्या पाल्याचा शेक सर्वत्र चालतो. लेपाने सहसा अपाय होत नाही. शेक पहिले दोन-तीन दिवस टाळावा, कारण उष्णतेने रक्तस्राव वाढतो. हाडवैद्याकडून जोरात चोळून घेणेही या काळात घातक. बिब्बा मात्र कधीच लावू नये. त्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि साध्या मुरगळीच्या जागी चिघळलेली जखम घेऊन माणूस दवाखान्यात येतो. रुईच्या पानाचा चीकही कातडीला झोंबतो.

पाऊल थंड, फिके वा बधिर होणे, सांधा वेडावाकडा दिसणे, गुडघा अडकून सरळ न होणे, किंवा तापासह सांधा लाल व गरम होणे यांपैकी काहीही असल्यास वाट पाहू नये. पहिल्या दोन खुणांत गुडघ्यामागची रोहिणी दबलेली वा फाटलेली असू शकते, आणि पाय वाचवण्यास थोडेच तास मिळतात. १०८ ही रुग्णवाहिका सेवा अशाच वेळेसाठी आहे.

पुनर्वसन : मांडीचा पुढचा स्नायू काही दिवसांतच रोडावतो, म्हणून व्यायाम लवकर सुरू करावा. गुडघ्याखाली पंच्याची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद खाली दाबणे, टाच जमिनीवरून घसरवत गुडघा वाकवणे, पाय सरळ ठेवून उचलणे, या क्रमाने जावे. मांडी घालून व उकिडवे बसणे सर्वांत शेवटी, कारण त्यात सांधा सर्वाधिक वाकतो. तोवर जेवायला खुर्ची घ्यावी. मुका मार बहुधा दोन-तीन आठवड्यांत, पहिल्या प्रतीची मुरगळ एक ते तीन, दुसरी चार ते सहा आठवड्यांत बरी होते. मार हाडाच्या आतपर्यंत गेला असल्यास क्ष-किरण चित्र निर्दोष दिसूनही दुखणे महिनोन्‌महिने राहते. तो फक्त एमआरआयवर दिसतो.

आतल्या अंगाचा बंध पूर्ण तुटला तरी बहुधा पट्ट्याने सांधतो. पुढचा छेदबंध आपोआप सांधण्याची शक्यता कमी असते. तरीही प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. बांधावर चालणारा शेतकरी बळकट मांडीवर निभावून नेऊ शकतो, कबड्डीपटूला बहुधा बंध नव्याने घालून घ्यावा लागतो, आणि त्यानंतर मैदानावर परतण्यास साधारण नऊ महिने द्यावे लागतात.