गोव्यातील निवृत्तांची सेवा : पार्श्वभूमी

2011 च्या जनगणनेत गोव्यात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सुमारे 11.2 टक्के भरले. केरळनंतर देशात हेच सर्वाधिक. निवृत्तांच्या हाताला समाजोपयोगी काम कसे मिळेल, ही चर्चा तेव्हापासून वाढली असली तरी विषय जुना आहे. गावकरीच्या, म्हणजे गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, बैठकीत, देवळाच्या चौकात, भजनाच्या पारात वडीलधाऱ्यांचा शब्द चाले. वास्कोचा भजनी सप्ताह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या दिवसांत सुरू झाला, नावाने सप्ताह असला तरी तो आजही दरवर्षी चोवीस तास अखंड चालतो.

पुढची घडण समजण्यासाठी देवस्थान कायदा पाहावा लागतो. पोर्तुगीज सरकारने 1886 मध्ये देवळांच्या कारभारासाठी नियम केले आणि 1933 मध्ये त्यांना आजचे रूप दिले. महाजनांची, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत सदस्यांची, नोंदवही, त्यांनी तीन वर्षांसाठी निवडलेली समिती, त्यात अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मुखत्यार, आणि वर देखरेखीला प्रशासक म्हणून मामलेदार. हिशेबाला शिस्त लागली, हे मान्य करायलाच हवे. त्याच वेळी सेवेच्या मानाच्या जागा नोंदवहीत नाव असलेल्यांपुरत्या राहिल्या. बहुतेक देवस्थानांत ही नोंद पुरुष वारसांचीच. पालखीला खांदा देणारे, जत्रेआधी आवार झाडणारे, नैवेद्याचे तांदूळ निवडणाऱ्या बायका यांना कारभारात मत नाही. कायद्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात, देवळे महाजनांच्या पूर्वजांनी उभारली, जमिनी त्यांनी दिल्या, तेव्हा जबाबदारीही त्यांचीच. मुद्दा पोकळ नाही. पण वर्षानुवर्षे कष्ट एकाचे आणि सही दुसऱ्याची, ही रीत सेवेच्या नावाखाली चालावी हे पटण्यासारखे नाही. 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर पोर्तुगीज काळातले किती तरी नियम गेले, हा मात्र टिकला.

1961 नंतर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, सरकारी कचेऱ्या वाढल्या. शेतीभाटाच्या (शेती-बागायतीच्या) आधाराने जगणाऱ्या घरांत पहिल्यांदाच महिन्याचा पगार आला. त्या भरतीतले मास्तर, बाई, तलाठी, पोस्टातले लोक 1990 च्या दशकात आणि पुढे निवृत्त झाले. निवृत्तिवेतन हाती, हातपाय धड, मुले मुंबई-पुण्याला नाहीतर परदेशात. या मंडळींनी सेवेचे स्वरूप बदलले. अग्रशाळेच्या (देवळाच्या आवारातल्या धर्मशाळेच्या) ओसरीवर टेबल टाकून अभिषेकाच्या पावत्या फाडणारे, निळ्या शाईने रकमा अक्षरी लिहिणारे, दुपारी बारा वाजता रोकड मोजून खजिनदाराच्या हवाली करणारे निवृत्त कारकून अनेक देवळांत दिसू लागले. मास्तरांनी वाचनालयांची कपाटे लावली, नाट्यमहोत्सवात तालमी घेतल्या, मुलांना पाढे आणि श्लोक शिकवले. ज्येष्ठ नागरिक संघही याच पिढीने उभे केले.

बायकांच्या वाट्याला हे उशिरा आले. शिक्षिकांचे ठीक, पण घर सांभाळण्यात आयुष्य गेलेल्यांना ‘निवृत्ती’ अशी नव्हतीच. 2002 च्या सुमारास सुरू झालेल्या सामाजिक सुरक्षा योजनेने वृद्धांच्या खात्यात दरमहा रक्कम जमा होऊ लागली. रक्कम मोठी नव्हे. तरी भजनी मंडळाच्या कार्यक्रमाला जायचे बसभाडे कोणाकडे मागावे लागेना. गावोगावच्या महिला भजनी आणि फुगडी मंडळांत साठी-सत्तरीच्या बायका नुसत्या गात नाहीत, लहानांना शिकवतातही. त्यांच्या या कामाला सेवा म्हणून मोजणारे फार थोडे, आणि ही गोष्ट खटकते.

2007 च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याने निर्वाहाचा हक्क दिला. त्यात वृद्ध हा सांभाळ मागणारा आहे. देणारा म्हणून त्याचा विचार तिथे नाही. सरकारी योजनांचा सूरही बहुधा तोच. 2020 च्या साथीत पासष्टीपुढच्यांनी घरीच राहावे असा सल्ला आला. देवळे, वाचनालये, भजने बंद पडली आणि कैक ज्येष्ठांची रोजची कामे सुटली. निर्बंध उठल्यावर काही परतले, काहींना घरच्यांनीच पुन्हा जाऊ दिले नाही. जिथे ते परतले नाहीत तिथे पावतीपुस्तक सांभाळायला पगारी माणूस ठेवावा का, हा प्रश्न समित्यांपुढे आला.

देवस्थान कायदा बदलावा अशी मागणी अधूनमधून होते. 1933 ची मूळ चौकट अजून कायम आहे.