पाकिटावरचं सोडियम आणि मीठ: अडीचपटीचा घोळ

मीठ सगळ्यांच्या ओळखीचं, त्यामुळे त्यावर शब्द घालवत नाही. पाकिटाच्या मागे ‘सोडियम’ दिसलं की मात्र भले भले “म्हणजे मीठच ना?” म्हणून मोकळे होतात. मीठच नाही. मिठाचा एक भाग, तोही लहान.

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्यात क्लोरीनचा वाटा वजनाने दीडपट, म्हणून १ ग्रॅम मिठात सोडियम जेमतेम ४०० मिलिग्रॅम. सोडियमवरून मीठ काढायचं तर अडीचने गुणा.

न गुणण्याची किंमत किती? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजेच २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम खायला सांगते. लोकांच्या लक्षात ‘पाच’ राहतं. कशाचे पाच, ते विसरतात. मग पाकिटांवरच्या सोडियमची बेरीज ५ ग्रॅमपर्यंत जाऊ देतात आणि प्रत्यक्षात साडेबारा ग्रॅम मिठाइतकं पोटात जातं. रक्तदाबाचा रुग्ण हे करत असेल, तर त्याचं पथ्य फक्त कागदावर.

त्यात लेबलंही एकसारखी नाहीत. युरोपीय संघात ‘मीठ’ ग्रॅममध्ये छापतात, अमेरिकेत ‘सोडियम’ मिलिग्रॅममध्ये. १०० ग्रॅममागे एका पाकिटावर मीठ १.५ ग्रॅम, दुसऱ्यावर सोडियम ६०० मिलिग्रॅम. एकजण सहाशे बघून दचकतो, दुसरा ०.६ ग्रॅम समजून खूश होतो. दोघंही चुकले, पाकिटं सारखीच आहेत. माझं मत विचाराल तर सगळीकडे मीठच छापावं. सोडियम चमच्याने मोजून कोणी वाढत नाही.

यावर हुशार मंडळींचा आक्षेप ठरलेला: सोडियम खाण्याच्या सोड्यातून येतं, मोनोसोडियम ग्लुटामेटमधूनही (म्हणजे अजिनोमोटोतूनही) येतं. बरोबर. म्हणून तर युरोपीय लेबलावरचं ‘मीठ’ हे एकूण सोडियम गुणिले अडीच असतं. घातलेलं मीठ नव्हे, हिशेबातलं. वरून मीठ न घातलेल्या पदार्थावरही ‘मीठ’ या नावाखाली आकडा दिसू शकतो तो असा.

गुलाबी मिठाबद्दल एकच वाक्य: तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच.

‘लो सोडियम’ मिठाची गोष्ट वेगळी. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून सहसा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये.