गुठळी आणि विषाणू: दोन वाटांनी गेलेल्या एका शोधाची पार्श्वभूमी

कोविडच्या साथीत फुप्फुसाचा आजार म्हणून दाखल झालेल्या रुग्णांच्या पायांत, फुप्फुसांत, मेंदूत रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्या, तेव्हा एक प्रश्न जगभर विचारला गेला: श्वसनमार्गाच्या विषाणूचा रक्त गोठण्याशी काय संबंध? प्रश्न रास्त होता. मात्र उत्तराचे बरेच तुकडे त्याआधीच सापडलेले होते. ते दोन वेगळ्या शास्त्रांच्या वाट्याला गेले होते आणि ही दोन शास्त्रे एकमेकांशी फारशी बोलत नव्हती.

ही फारकत समजून घ्यायची तर १८८२ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी इटलीतल्या तुरिनमध्ये जुलिओ बिझोझेरो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातल्या प्लेटलेट्सचे वर्णन केले आणि गुठळी धरण्यातला त्यांचा वाटा दाखवून दिला. त्याच वर्षी, त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला मेसिनामध्ये, इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि फिरत्या पेशी त्या काट्याभोवती गोळा होताना पाहिल्या. परक्या वस्तूवर चालून जाणाऱ्या, तिला गिळू पाहणाऱ्या पेशींची कल्पना तिथून पुढे आली. बिझोझेरोंच्या कामातून रक्त गोठण्याचे शास्त्र वाढले, मेचनिकॉव्हच्या कामातून रोगप्रतिकाराचे. जखम झाली की या दोन्ही गोष्टी शरीरात एकाच जागी, एकाच वेळी घडतात. अभ्यासात मात्र त्यांचे विभाग वेगळे झाले.

सांधा दिसत नव्हता असे नाही. १९२०च्या दशकात सानारेल्ली आणि श्वार्टझमन यांनी सशांना जिवाणूंचा अर्क ठरावीक अंतराने दोनदा टोचला. दुसऱ्या वेळी रक्तवाहिन्यांत गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही झाले. या प्रकाराला दोघांचे नाव मिळाले; पण विकृतिशास्त्रातला एक चमत्कारिक प्रसंग यापलीकडे फार काळ त्याकडे पाहिले गेले नाही.

मग आले १९६४. रक्त गोठण्याच्या इतिहासात हे वर्ष मोठे मानतात, कारण इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन आणि अमेरिकेत डेव्ही व रॅटनॉफ यांनी स्वतंत्रपणे एकच चित्र मांडले: रक्तातले घटक एकामागून एक जागे होतात, एक दुसऱ्याला पेटवतो आणि शेवटी थ्रॉम्बिन हा घटक फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे विणतो. ती साखळी वैद्यकाच्या पिढ्यांनी पाठ केली. पण तिच्यात जंतूंना जागाच नव्हती.

त्याच वर्षी जॅक लेव्हिन आणि फ्रेडरिक बँग यांनी हॉर्सशू क्रॅब या सागरी प्राण्यावरचे काम प्रसिद्ध केले. बँग यांनी १९५६ मध्येच नोंदवले होते की ठरावीक जिवाणू टोचले की या प्राण्याचे रक्त अंगातच गोठते. आता कळले की त्याला कारण जिवाणूंच्या आवरणातले विष, एंडोटॉक्सिन. या प्राण्याच्या निळ्या रक्तात प्रामुख्याने एकाच प्रकारच्या पेशी असतात आणि रक्त थांबवणे व जंतू अडकवणे ही दोन्ही कामे त्याच करतात. जंतूला जागच्या जागी चिकट जाळ्यात पकडणे, हीच त्यांची प्रतिकाराची रीत. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे: आपल्या शरीरातली दोन खाती इथे अजून एकत्रच आहेत. दुर्दैवाने या शोधाचा उपयोग झाला तो मुख्यतः इंजेक्शने आणि सलाइन शुद्ध आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी. उपयोग मोलाचा होता, पण मूळ विचार बाजूला पडला.

या सगळ्यात विषाणू कुठे होते? ते उशिरा आले, आणि आले ते रक्तस्रावाच्या रूपाने. १९५०च्या दशकात मनिलामध्ये रक्तस्रावी डेंगी दिसला, १९७६ मध्ये तेव्हाच्या झाइरेत इबोला. रक्त वाहते आहे म्हणजे ते गोठत नाही, असा सरळ अर्थ लावणे सोपे होते. इबोलाच्या बाबतीत तो अपुरा ठरला. टिश्यू फॅक्टर नावाचे प्रथिन एरवी रक्तवाहिनीच्या बाहेरच्या बाजूला असते; वाहिनी फाटली तरच रक्ताची आणि त्याची गाठ पडते. इबोलाची लागण झालेल्या माकडांत मात्र प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशीच ते बनवू लागल्या होत्या. रक्ताला वाटते, जागोजागी जखमा झाल्या आहेत. ते सूक्ष्म वाहिन्यांत गोठत सुटते, त्यात प्लेटलेट्स आणि गोठवणारे घटक संपून जातात आणि मग खऱ्या जखमेसाठी काहीच उरत नाही. म्हणजे इथला रक्तस्राव हा बऱ्याच अंशी आधीच्या गोठण्याचा परिणाम होता.

२००३ मध्ये थॉमस गाइसबर्ट आणि सहकाऱ्यांनी हा मार्गच अडवून पाहिला. कुत्र्याच्या आतड्यातल्या हूकवर्म या रक्त शोषणाऱ्या कृमीच्या प्रथिनावर बेतलेले औषध त्यांनी इबोलाग्रस्त माकडांना दिले. नऊपैकी तीन वाचली. त्या काळी जवळजवळ खात्रीने मरण आणणाऱ्या आजारात ही संख्या लहान नव्हती. औषधाने गोठणे रोखले, तसा दाहही उतरला. एक टोक ओढले की दुसरेही हलते, हे तिथे स्पष्ट दिसले.

डेंगीची गोष्ट वेगळी, आणि ती वेगळीच ठेवायला हवी. तिथे मुख्य धोका वाहिन्यांच्या अस्तरातून रक्तद्रव झिरपण्याचा असतो. प्लेटलेट्सचा आकडा घसरला की रुग्णाचे नातेवाईक हवालदिल होतात आणि ते समजण्यासारखे आहे. पण सिंगापूर आणि मलेशियात झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्लेटलेट्स २० हजार किंवा त्याहून कमी असलेल्या प्रौढांना केवळ खबरदारी म्हणून प्लेटलेट्स चढवल्याने रक्तस्राव टळला नाही. उलट दुष्परिणाम वाढले.

दोन वाटा खऱ्या अर्थाने जुळल्या त्या २००४ नंतर. बर्लिनमध्ये आर्टुरो झिखलिन्स्की यांच्या गटाला दिसले की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी प्रसंगी आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि जंतूंना त्यात पकडतात. पुढे २०१० मध्ये असे आढळले की याच धाग्यांवर प्लेटलेट्स चिकटतात, फायब्रिन साठते आणि गुठळी उभी राहते. २०१३ मध्ये बर्न्ड एंगेलमान आणि स्टेफेन मासबर्ग यांनी या एकत्रित क्रियेला ‘इम्युनोथ्रॉम्बोसिस’ हे नाव दिले. त्यांचा मुद्दा असा की सूक्ष्म वाहिनीतली गुठळी ही प्रत्येक वेळी बिघाड नसते. ती जंतूला कोंडून ठेवणारी भिंतही असते. रोग सुरू होतो तो भिंत बांधणे थांबत नाही तेव्हा.

त्याच वर्षी विषाणूंबाबतही एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. थ्रॉम्बिनचा संदेश पेशीच्या आत पोचवणारा पीएआर-१ हा ग्राहक (पेशीवरचे संदेश टिपणारे प्रथिन) ज्या उंदरांत नव्हता, त्यांच्या हृदयात कॉक्सॅकी विषाणू जास्त वाढला आणि इजाही जास्त झाली. गोठण्याचा संदेश इथे रोगप्रतिकाराच्या कामी येत होता.

एवढी तयारी झालेली असताना २०२० उजाडले. वुहानमधल्या १८३ रुग्णांच्या अभ्यासात, दगावलेल्यांपैकी ७१.४ टक्के रुग्णांत रक्तभर पसरलेल्या गोठण्याची लक्षणे होती. वाचलेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. शवविच्छेदनात कोविडच्या फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांमध्ये इन्फ्लुएन्झाच्या तुलनेत नऊ पट सूक्ष्म गुठळ्या आढळल्या. दोन्ही बाजूंची मिळून अवघी १४ फुप्फुसे तपासली होती, हे मात्र लक्षात ठेवावे.

साहजिकच रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनवर सगळ्यांची नजर गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. वॉर्डात असलेल्या, अजून अत्यवस्थ न झालेल्या रुग्णांपैकी गुठळ्या टाळण्याच्या नेहमीच्या उपचारावर ७६.४ टक्के रुग्ण कृत्रिम श्वासासारख्या आधाराशिवाय घरी जाण्याइतके सावरले. हेपॅरिनच्या पूर्ण मात्रेवर ८०.२ टक्के. अतिदक्षता विभागात पोचलेल्या रुग्णांना मात्र त्याच पूर्ण मात्रेचा फायदा झाला नाही. औषध तेच, विषाणू तोच. तोवर भिंत बांधून झाली होती.