दीनदयाळांची ओली काच आणि सोलापूरचं ऊन

ईथर हे झटकन उडून जाणारं द्रवरूप रसायन ३४.६ अंशांना उकळतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, म्हणजे हवेचा दाब कमी, त्यामुळे इथे जरा आधीच. मार्चपासून दुपारचा पारा त्याच्या वर जातो आणि मे महिन्यात तर चाळिशी ओलांडतो. लाला दीनदयाळ यांनी १८७४ मध्ये कॅमेरा हाती घेतला, तेव्हा फोटोग्राफरचं सगळं काम या ईथरवरच चालायचं.

दीनदयाळ मेरठजवळच्या सरधन्याचे, जन्म १८४४ चा. रुडकीला इंजिनिअरिंग शिकून ते इंदूरला बांधकाम खात्यात लागले. फोटोग्राफी ही आधी निव्वळ हौस होती.

आणि हौस महागडीच म्हणायची. नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस ईथर-अल्कोहोलमध्ये विरघळवायचा, की कोलोडियन तयार. त्यात आयोडाइड घालून तो चिकट द्रव काचेवर ओतायचा आणि काच तिरकी करत चारही कोपऱ्यांपर्यंत एकसारखा फिरवायचा. मग अंधारात काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. थरात सिल्व्हर आयोडाइड तयार होतं, आणि काच ओली आहे तोवरच फोटो काढून डेव्हलपही करावा लागतो. थर वाळला की डेव्हलपर आत मुरत नाही. हातात मिनिटं दहा-पंधरा, उन्हाळ्यात त्याहून कमी. म्हणून ऐतिहासिक वास्तूंचे फोटो काढायला निघालेल्या माणसामागे डार्करूमचा तंबू, काचा आणि पाणी असं सगळं लटांबर जायचं.

शिवाय या काचेला रंगांची नजर अर्धवट. सिल्व्हर आयोडाइडवर परिणाम होतो तो निळ्या-जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाचा. पिवळ्या-तांबड्याचा जवळपास नाहीच. त्यामुळे जुन्या फोटोंत आकाश पांढरंफटक दिसतं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतली पांढरी बाराबंदी या काचेवर झकास उमटली असती, पण सोलापूरजवळच्या बाळे गावच्या खंडोबाला भंडाऱ्याने माखलेला भक्त? हळद निळा प्रकाश शोषून घेते, म्हणजे त्याचा चेहरा काळवंडलेलाच आला असता!

१८८० च्या दशकात जिलेटिनच्या कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या. काच आधी तयार ठेवा, फोटो काढा, डेव्हलप सवडीने करा. एक्स्पोजरही सेकंदाच्या अंशावर आलं, त्यामुळे पोर्ट्रेटसाठी ताटकळत, श्वास रोखून बसायची शिक्षा संपली. दीनदयाळही कोरड्या काचांकडे वळले. माझ्या मते त्यांच्या व्यवसायाच्या भरभराटीत निजामाच्या आश्रयाइतकाच या रसायनाचाही वाटा आहे. सिकंदराबादला स्टुडिओ, १८९२ मध्ये पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ, तिथे फोटो काढणारीही बाईच, आणि १८९६ मध्ये मुंबईत शाखा. या दोन शहरांमधली रेल्वे वाडी जंक्शनवरून सोलापूरमार्गेच जायची.