पहिली निर्यात करताय? आंतरराष्ट्रीय सहकार्य योजनेतून खर्च परत कसा मिळवायचा: पात्रता, कागदपत्रं, अर्ज

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत चहाच्या टपरीवर परदेशी ऑर्डरची गोष्ट निघाली की दोन प्रश्न ठरलेले. सरकार यात काही मदत करतं का? आणि करत असेल तर पैसे आधी मिळतात की नंतर? पहिल्याचं उत्तर ‘हो’. दुसऱ्याचं ‘नंतर’. "काहून भाऊ, आधी नाही देत का?" असं विचारून उपयोग नाही, योजनाच परताव्याची आहे. म्हणून खर्च करण्याआधी कागद तयार ठेवायचे. बहुतेक जण हेच उलटं करतात.

केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य योजना’ १९९६ पासून सुरू आहे. परदेशातली प्रदर्शनं, खरेदीदारांच्या भेटी, परिषदा यांसाठी लघुउद्योजकांना मदत करणं हे तिचं मूळ काम. २०२२ च्या जूनमध्ये तिला पहिल्यांदा निर्यात करणाऱ्यांसाठी एक नवा भाग जोडला गेला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सीबीएफटीई म्हणतात. तरुण उद्योजकाला थेट उपयोगी पडतो तो हा भाग.

यात तीन खर्च परत मिळतात. एक, निर्यात प्रोत्साहन परिषदेच्या सदस्यत्वाचा, म्हणजे आरसीएमसी या नोंदणी-सदस्यत्व प्रमाणपत्राचा. खर्चाच्या ७५ टक्के किंवा २०,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. समजा परिषदेला तुम्ही १२,००० भरले, तर ९,००० परत येतील. ३०,००० भरले तर हिशेबाने २२,५०० होतात, पण हातात २०,००० च पडतील. दोन, निर्यात विम्याचा हप्ता, आर्थिक वर्षात १०,००० रुपयांपर्यंत. तीन, मालाची तपासणी आणि गुणवत्ता प्रमाणपत्रं, वर्षाला एक लाखापर्यंत. खरा जीव या तिसऱ्यात आहे. भिवापुरी मिरचीची पूड युरोपात पाठवायची म्हटली की अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) आणि सुदान रंगाच्या (भेसळीचा लाल रंग) चाचण्या आल्या, आणि खाण्याच्या मालाला बहुतेक वेळा काही ना काही चाचणी लागतेच. सदस्यत्वाचं शुल्क अधूनमधून भरायचं असतं, लॅबचं बिल मात्र येतच राहतं.

आता पात्रता. वयाची अट नाही. तुम्ही बावीसचे आहात की बावन्नचे हे कोणी विचारत नाही. निर्यातीत तुम्ही नवे आहात का, ते पाहतात. उद्योग सूक्ष्म किंवा लघु हवा. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म. २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु. सुरुवात करणारा यात बसतोच.

अडतं ते दुसरीकडे. इतवारीच्या बाजारात माल घेऊन परदेशात विकायचा, स्वतः काही बनवायचं नाही, असा विचार असेल तर थांबा. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) मिळते खरी, पण तिचा फायदा प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. ही योजना उत्पादन आणि सेवा करणाऱ्यांची आहे. उद्यमचा फॉर्म भरताना ‘उत्पादन’, ‘सेवा’ की ‘व्यापार’ हा पर्याय पोरं घाईत दाबून मोकळी होतात, आणि स्वतः कांडप चालवणारा माणूस कागदावर व्यापारी ठरतो. तुमचं प्रमाणपत्र एकदा उघडून पाहाच. चुकलं असेल तर ऑनलाइन दुरुस्त करता येतं.

कागदांचा क्रम असा. आधी उद्यम: आधार आणि पॅनवर होते, फुकट होते. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तो सरकारी माणूस नव्हे. मग आयातदार-निर्यातदार कोड, आयईसी. तो डीजीएफटीच्या (केंद्राचं परकीय व्यापार महासंचालनालय) संकेतस्थळावर मिळतो, शुल्क ५०० रुपये. पॅन, पत्त्याचा पुरावा आणि बँक खात्याचा पुरावा लागतो. सही आधारच्या ओटीपीने किंवा डिजिटल सहीने. तुमचा पॅन हाच आयईसीचा क्रमांक. जागा वडिलांच्या नावावर असेल, आणि आपल्याकडे बहुतेकांची असते, तर त्यांचं ना-हरकत पत्र आणि वीजबिल जोडा.

बँकेच्या पुराव्यासाठी रद्द केलेला धनादेश चालतो, पण त्यावर फर्मचं नाव छापलेलं हवं. पेनाने लिहिलेलं चालत नाही. छापील चेकबुक नसेल तर बँकेचं प्रमाणपत्र घ्या. माझ्या स्वतःच्या फर्मच्या नावात उद्यमवर ‘अँड’ अक्षरांत होतं आणि बँकेत त्याच जागी ते वेटोळं चिन्ह. एवढ्याशा फरकापायी माझे तीन आठवडे गेले, चूक माझीच. चारही कागदांवर, पॅन, उद्यम, बँक आणि आयईसी, नाव अक्षरशः एकच आहे का, हे शेजारी शेजारी ठेवून तपासा.

यानंतर आरसीएमसी. यंत्रांचे भाग बनवत असाल तर इंजिनिअरिंगची परिषद, प्रक्रिया केलेलं अन्न असेल तर अपेडा (शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था), मसाले असतील तर मसाला मंडळ. कशातच बसत नसाल तर फियो, म्हणजे निर्यात संघटनांचा महासंघ. अर्ज डीजीएफटीच्याच पोर्टलवरून जातो. बँकेकडून एडी कोड (परदेशी व्यवहार करणाऱ्या बँकेचा क्रमांक) घेऊन कस्टम्समध्ये नोंदवणं आणि जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षाला भरणं, ही कामं सीए एका बैठकीत उरकतो.

परताव्याचा अर्ज मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन करायचा. उद्यम, आयईसी, आरसीएमसी, शुल्काच्या पावत्या, विम्याची पॉलिसी, लॅबचं बिल आणि अहवाल, निर्यातीचं इन्व्हॉइस आणि शिपिंग बिल (कस्टम्सचा निर्यात कागद), पैसे गेल्याचं बँक स्टेटमेंट एवढं स्कॅन करून फोल्डरमध्ये ठेवा. लॅबचं पहिलं बिल मी रोखीने भरून आलो होतो. पावती होती, पण खात्यातून पैसे गेल्याची नोंद नव्हती, म्हणून तेवढ्या रकमेचा दावा मी लावलाच नाही. तेव्हापासून पाचशे रुपयेसुद्धा फर्मच्या खात्यातूनच जातात.

परदेशी प्रदर्शनाचं मात्र वेगळं आहे. ‘मला दुबईला स्टॉल लावायचा आहे’ म्हणून एकट्याने अर्ज करता येत नाही. अर्ज उद्योग संघटना किंवा सरकारी संस्था करते, तुम्ही तिच्या पथकातून जाता. म्हणून सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनसारख्या संघटनेत, किंवा तुमच्या एमआयडीसीच्या संघटनेत, आधीच नाव असलेलं बरं. पथक ठरल्यावर धावाधाव केली तर जागा उरलेली नसते.

एक गोष्ट या योजनेबाहेरची, पण खरेदीदार पहिल्याच मेलमध्ये विचारतो ती: उत्पत्ती प्रमाणपत्र. संयुक्त अरब अमिरातीशी आपला करार १ मे २०२२ पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून. माल भारतातच बनल्याचं हे प्रमाणपत्र असेल तर कराराच्या यादीतल्या मालावर तिकडे आयात शुल्क कमी किंवा शून्य लागतं. अर्ज डीजीएफटीच्या ऑनलाइन व्यवस्थेतून होतो. वाचलेलं शुल्क खरेदीदाराच्या खिशात जातं, तेव्हा भाव ठरवतानाच ते बोलून घ्या.

कुठे अडलात तर सेमिनरी हिल्सच्या सीजीओ संकुलातल्या एमएसएमई विकास कार्यालयात जा. अर्जाची प्रिंट, उद्यम आणि आयईसी सोबत घ्या. नुसतं ‘साहेब, योजना सांगा’ म्हटलं की पत्रकच हातात पडतं. आणि मोबाइलवर एप्रिलची आठवण लावून ठेवा. काही बदल नसला तरी आयईसीची माहिती दरवर्षी एप्रिल ते जून या काळात पोर्टलवर पुन्हा पक्की करावी लागते. या तीन महिन्यांत शुल्क नाही, विसरलात तर कोड निष्क्रिय होतो, आणि ते कळतं बहुधा माल गाडीत भरल्यावर.