द्राक्षातील पिठ्या ढेकूण आणि तापमानवाढ (पुणे जिल्हा)

पिठ्या ढेकूण, बागाईतदारांच्या भाषेत मिलीबग, ही जुन्नर, नारायणगाव, बारामती व इंदापूर पट्ट्यातील द्राक्षबागांची मुख्य कीड आहे. गुलाबी रंगाची जात सर्वांत त्रासदायक असून तिची एक मादी कापसासारख्या पिशवीत १५० ते ६०० अंडी घालते. कीटकाच्या शरीराचे तापमान हवेवर अवलंबून असल्याने हवा तापली की वाढीचा वेग बदलतो, पण सर्व ऋतूंत सारखा नाही. पुण्याच्या बागेला चैत्रातल्या उन्हापेक्षा उबदार झालेली थंडी अधिक महागात पडते.

उष्णतेचा हिशोब. या जातीची वाढ सुमारे १४.५ अंश सेल्सिअसखाली थांबते, २९ अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने होते आणि ३५ अंशांच्या वर खुंटते. अंड्यापासून प्रौढ मादी होण्यास सुमारे ३४७ अंश-दिवस लागतात. दिवसाच्या कमाल व किमान तापमानाच्या सरासरीतून १४.५ वजा केले की त्या दिवसाचे अंश-दिवस मिळतात. डिसेंबरात कमाल २९.५ व किमान ११.५ असेल तर दिवसाला ६ अंश-दिवस जमतात आणि वाढीला ५८ दिवस लागतात. सरासरी २ अंशांनी चढली तर रोज ८ जमतात आणि तीच वाढ ४३ दिवसांत पुरी होते. एप्रिलात सरासरी २९ असताना हा काळ आधीच २४ दिवसांवर आलेला असतो. त्यापुढची उष्णता किडीला लाभत नाही, दुपारचे कडक ऊन उलट तिला सालीखाली ढकलते.

साध्या सरासरीत एक चूक राहते. रात्र १४.५ च्या खाली गेली तरी दुपारी कीड वाढतच असते, म्हणून थंडीत हे गणित वाढ कमी दाखवते. तासागणिक नोंदी असतील तर त्याच वापराव्यात. मोजणी छाटणीच्या तारखेपासून न करता ओलांड्याला (वेलीच्या आडव्या फांदीला) गुंडाळलेल्या दुहेरी चिकटपट्टीवर पहिली रांगती पिल्ले दिसतील त्या दिवसापासून करावी.

पंधरा दिवसांचा परिणाम. ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झालेल्या बागेत फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी येते. थंडीतली पिढी पंधरवडाभर आधी संपली की पुढची पिल्ले मण्यांत पाणी उतरल्यानंतर (मणी मऊ होऊन पिकू लागल्यावर) घडात शिरतात. तोवर बहुतेक कीटकनाशकांचा काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ (शेवटची फवारणी व काढणी यांत ठेवायचे दिवस) सुरू झालेला असतो. फवारले तर रेसिड्यूमुळे (औषधाच्या उरलेल्या अंशामुळे) निर्यातीचा माल अडतो, न फवारले तर चिकट स्राव व काळ्या बुरशीने घड विकण्याजोगा राहत नाही.

इतर किडी. फुलकिड्यांनाही उबदार, कोरडी हवा मानवते. फुटीपासून मणी सेट होईपर्यंत शेंडा पांढऱ्या कागदावर झटकून त्यांची मोजणी करावी. उडद्या भुंगेरे थंडीत सालीखाली दडतात. खोडकिड्याची वर्षात एकच पिढी होते. त्याचे भुंगे पावसाच्या सुरुवातीला बाहेर पडतात, म्हणून तिथे पावसाची वेळ अधिक निर्णायक ठरते.

व्यवस्थापन. लढाई थंडीपूर्वी जिंकावी लागते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (काढणीनंतरच्या छाटणीनंतर) खोड-ओलांड्यांची सुटी साल काढून बागेबाहेर जाळावी. ओळीत टाकलेली साल म्हणजे पुढच्या पिढीचे बियाणे. मुंगळे गोड स्रावासाठी पिठ्या ढेकणांची राखण करतात, त्यामुळे त्यांचा बंदोबस्त आधी करावा. खोडावर चिकट पट्टा लावताना खाली प्लास्टिकची टेप गुंडाळावी, नाहीतर साल भाजते. मग ऑगस्ट-सप्टेंबरात वेलीमागे ८ ते १० क्रिप्टोलिमस (पिठ्या ढेकूण खाणारे) भुंगेरे सोडावेत. तेव्हा व्यापक प्रभावाचे कीटकनाशक फवारले तर भुंगेरे मरतात आणि खर्च वाया जातो. लेकॅनिसिलियमसारख्या कीड मारणाऱ्या बुरशीला ओलावा लागतो. ती पावसाळ्यात संध्याकाळी फवारावी, डिसेंबरच्या कोरड्या हवेत तिचा भरवसा धरू नये.

पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशीत औषध, मात्रा व प्रतीक्षाकाळ दिलेले असतात. ऊबदार वर्षी छाटणीनंतरचे दिवस न मोजता जमलेले अंश-दिवस पाहून फवारणीची तारीख अलीकडे घ्यावी. ३४७ चा आकडा भरत आला की नव्या माद्या तयार होतात, आणि त्यांच्या अंड्यांतून निघालेली पिल्ले मेणाचे आवरण धरण्याआधीच औषधाला बळी पडतात.