ब्लेडचा साठा: हवाबंद डबा वेगळा आणि कोरडा डबा वेगळा

दाढीच्या १०० ब्लेडचा खोका घेतलाय, आता ठेवू कुठे, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "एअरटाइट डब्यात टाक, काही होत नाही." दुसरा येऊन होय म्हणतो, तिसरा चारी बाजूंनी लॉक लागणाऱ्या डब्याची कंपनी सुचवतो, आणि डबा भरताना आतला माल कोरडा होता का हे एकही जण विचारत नाही. पुण्यात, नाशकात हा सल्ला बराचसा खपून जातो. मुंबईत तो अर्धवट आहे आणि जुलैत सरळ चुकीचा आहे. हवाबंद आणि कोरडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक असली म्हणजे दुसरी आपोआप येत नाही, आणि एवढं एक लक्षात घेतलं तर बाकीचं सगळं सोपं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

दुधारी ब्लेड म्हणजे रेझरमध्ये बसवायचं, दोन्ही कडांना धार असलेलं सुटं पातं, त्यावर जास्त वेळ घालवत नाही. पाकिटात ५, खोक्यात २० पाकिटं, प्रत्येक ब्लेड मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं जाड आणि मेणकागदात गुंडाळलेलं. आठवड्याला एक वापरलं तर खोका जवळपास दोन वर्षं पुरतो, म्हणजे शेवटच्या पाकिटाला दोन पावसाळे काढायचेत. साठवणुकीचा प्रश्न तेवढ्यासाठीच आहे, नाहीतर महिन्याला एक पाकीट आणणाऱ्याने यातलं काहीच करायची गरज नाही, त्याने हे इथेच सोडून दिलं तरी चालेल.

स्टेनलेस आणि कार्बन स्टील हा फरकही लोकं फार चघळतात, त्याला दोन ओळी पुरतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस ब्लेड बाजारात आणलं, मग बाकीच्यांनाही त्याच वाटेने जावं लागलं, आणि आज आपल्याकडे टोपाझ म्हणा, सेव्हन ओ'क्लॉक म्हणा, दुकानात मिळतं ते बहुतेक सगळं स्टेनलेसच असतं. त्यात साधारण १३ टक्के क्रोमियम असतं, त्याचा न दिसणारा पापुद्रा वर बसतो म्हणून ते सहज गंजत नाही. पण सहज गंजत नाही म्हणजे गंजतच नाही असं नाही, आणि ब्लेडचं स्टील कडक करायचं म्हणून त्यात कार्बन भरपूर असतो, त्यामुळे भांड्यांच्या स्टेनलेसइतकं ते टिकाऊ नसतं. त्यात समुद्राच्या हवेतलं मीठ क्रोमियमच्या पापुद्र्याला बारीक भोकं पाडतं, वरळी-वर्सोव्याला खिडक्यांच्या ग्रिलचं काय होतं ते बघितलंच असेल. कार्बन स्टीलचं ब्लेड कुठून मिळालं असेल तर ते दमट हवेत फार लवकर डाग धरतं, त्याची जास्त काळजी घ्या. झालं.

आता मुद्द्यावर येतो.

हवाबंद डबा एकच काम करतो, आतलं आत ठेवतो आणि बाहेरचं बाहेर. आत जे असेल ते. कोरडं भरलं तर कोरडं राहील, ओलसर भरलं तर ओलसर राहील, आणि हे दुसरं लोकांच्या डोक्यातच येत नाही. उन्हाळ्यात पापड-कुरडया आधी गच्चीवर कडक वाळवतात आणि मग डब्यात भरतात, अर्धवट ओले पापड घट्ट झाकणाच्या डब्यात कोणी भरत नाही कारण बुरशी येणार हे घरातल्या सगळ्यांना माहिती असतं. ब्लेडच्या बाबतीत मात्र वाळवणाची पायरी गाळून लोकं थेट झाकणावर येतात, आणि याचा मला खरंच त्रास होतो, कारण झाकणावर पाचशे रुपये घालवतात आणि वाळवण्याला खर्च शून्य असतो.

यावर कोणीतरी म्हणतं की डब्यातल्या हवेत असून असून किती पाणी असणार. बरोबर आहे, हवेत फार नसतं. ३० डिग्रीला आणि ८५ टक्के आर्द्रतेला एक लिटर हवेत २५-२६ मिलिग्रॅम पाणी असतं, थेंबसुद्धा नाही. पण पाणी हवेत नसतंच, ते पुठ्ठ्यात असतं. बाहेरचा खोका, दुकानात लटकवायचं कार्ड, पाकिटांचा कागद, हे सगळं हवेतली ओल पिऊन बसतं. जुलैतल्या मुंबईच्या हवेत १०० ग्रॅम कागद-पुठ्ठ्यात १२ ते १५ ग्रॅम पाणी सहज असतं, कोरड्या हवेत तेच ६-७ ग्रॅमवर येतं. म्हणजे तुम्ही खोका जसाच्या तसा, कार्डासकट डब्यात ठेवून झाकण लावलंत तर हवेत होतं त्याच्या शेकडो पट पाणी आत कोंडलं. हात लावून ते कळत नाही, पुठ्ठा हाताला कोरडाच लागतो, आणि गोंधळ नेमका इथेच होतो.

स्टीलला गंज चढायला पाण्याचा थेंब पडावा लागत नाही. आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो, मीठ असेल तर त्याच्याही खाली. ओलसर पुठ्ठ्याबरोबर बंद केलेल्या डब्यातली हवा ८० टक्क्यांवर आहे तर ती वर्षभर ८०च्या आसपासच राहणार, कारण हवा थोडी कोरडी झाली की पुठ्ठा आपल्यातली ओल सोडून ती परत भरून काढतो. बाहेर जानेवारी आला, दुपारची हवा उपनगरात पन्नाशीला उतरली, तरी तुमच्या डब्यात जुलैच. ढिल्या झाकणाचा डबा असता तर निदान हिवाळ्यात आपोआप वाळला असता. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पावसाळ्यात न वाळवता हवाबंद करण्यापेक्षा साध्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं बरं.

त्यात एसीची भर पडते. बाल्कनीकडच्या खोलीत दमट हवेत डबा भरायचा आणि मग बेडरूमच्या कपाटात ठेवायचा, जिथे रात्री एसी २४ला असतो. डब्याच्या भिंती आधी गार होतात, मधली पाकिटं उशिरा, त्यामुळे पुठ्ठ्यातून सुटलेली वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला जाऊन बसते आणि तिथे दव धरतं. न्हावा शेवाला जहाजावर चढणाऱ्या कंटेनरमध्ये हेच होतं, मालातली आणि लाकडी फळ्यांतली ओल गार छताला लागून खाली ठिबकते, म्हणून निर्यातवाले आत ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात. कंटेनर बंद असतो, तरी टांगतात.

आता या पिशव्यांबद्दल, कारण इथेही तोच घोटाळा. बुटाच्या खोक्यातून निघालेली सिलिका जेलची एक ग्रॅमची पुडी डब्यात टाकली आणि काम झालं असं मानणारे खूप आहेत. ती पुडी बाहेर आल्या आल्या मुंबईची हवा पिऊन काही तासांत बरीचशी भरलेली असते, डब्यात गेल्यावर ती काय शोषणार. आणि ताजी असती तरी सिलिका जेल ४० टक्के आर्द्रतेपर्यंत खाली आणताना आपल्या वजनाच्या साधारण वीसेक टक्केच पाणी धरतं. १०० ग्रॅम पुठ्ठ्यातून ७ ग्रॅम पाणी काढायचं तर ३५-४० ग्रॅम जेल लागलं, एका ग्रॅमने काय होणार. दोन मार्ग आहेत, जेल वाढवा किंवा पुठ्ठा कमी करा. मी पुठ्ठा कमी करायच्या बाजूचा आहे. बाहेरचा खोका, लटकवायचं कार्ड, वरचं पारदर्शक वेष्टन सगळं काढून टाका, फक्त पाच-पाचची आतली पाकिटं ठेवा. ती मात्र उघडू नका, मेणकागद ब्लेडच्या धारेची राखण करतो. कोणती कंपनी ते आठवत नाही म्हणून खोका ठेवायचा असेल तर डब्यावर मार्करने लिहा.

तांदूळ टाकायचं कृपा करून बंद करा. तांदळात स्वतःचं १२-१३ टक्के पाणी असतं आणि त्याची पूड पाकिटांत शिरते. डांबरगोळ्याही नकोत, त्या कसरीसाठी आहेत, ओल शोषत नाहीत. पिशवीतली हवा ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूमच्या पिशव्याही याच गोंधळातून येतात, हवा जाते पण कागदातली ओल बरीचशी तिथेच राहते. आणि फ्रिज तर अजिबात नको, बाहेर काढलेल्या गार पाकिटावर मिनिटभरात पाणी धरतं.

मग करायचं काय. सगळ्यात चांगले दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी, दुपारची वेळ. पाकिटं सुटी करून ट्रेमध्ये पसरायची, दोन-तीन दुपारी तशीच ठेवायची, पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर, आणि मग जेलबरोबर डब्यात. तोवर थांबता येत नसेल आणि घरात एसी असेल तर खोली बंद करून रात्रभर एसी चालू, पाकिटं उघड्या ट्रेमध्ये, आणि सकाळी त्याच खोलीत, एसी चालू असतानाच झाकण लावायचं. बाहेर नेऊन लावलं तर रात्रभरची मेहनत गेली. एसी नाही, जुलै आहे आणि खोका आत्ताच आलाय, तर पुठ्ठा काढा आणि जेल जास्त घाला, ५० ग्रॅमच्या खाली जाऊ नका. जेल फोर्टात बोरा बझारकडे कॅमेऱ्याच्या दुकानांत विचारा, लेन्सला बुरशी लागू नये म्हणून फोटोवाले ते नेहमी घेतात.

दोन गोष्टी वेगळ्या आहेत तर तपासायच्याही वेगळ्या. डबा हवाबंद आहे का हे बघायला रिकाम्या डब्यात टिश्यू पेपर टाकून बादलीत दाबून धरा, बुडबुडे आले किंवा टिश्यू भिजला तर नाही. स्वयंपाकघरातला घट्ट बसणारा स्टीलचा डबा यात बहुतेक वेळा नापास होतो, झाकण उघडायला जोर लागतो म्हणजे तो हवाबंद असं नाही, रबराची किंवा सिलिकॉनची पट्टी लागते. आणि डबा कोरडा आहे का हे बघायला एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक आत ठेवायचा, दोनएकशे रुपयांत मिळतो, एक दिवस थांबायचं आणि आकडा वाचायचा. ५०च्या खाली असेल तर निर्धास्त, ६०च्या वर असेल तर पुन्हा वाळवा. तासाभरात वाचलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, कागदाला ओल सोडायला वेळ लागतो. डब्याची किंमत, ब्रँड, चार लॉक आहेत की सहा, यातलं काहीही त्या आकड्याइतकं बोलत नाही.

नीटनेटकेपणाचं म्हणाल तर पाकिटं आडवी रचू नका, उभी लावा, पत्त्यांसारखी एकामागे एक, नाव वर दिसेल अशी. आडव्या थप्पीत खालची कंपनी कळत नाही आणि मग रोज उपसाउपशी. २० पाकिटं छोट्या टिफिनएवढ्या डब्यात आरामात मावतात. हा साठ्याचा डबा बाथरूममध्ये कधीच नाही, तिथे गिझरच्या आंघोळीची वाफ रोजची असते, आतल्या खोलीच्या कपाटात ठेवा.

आणि साठ्याचा डबा रोज उघडायचाच नाही. प्रत्येक उघडण्याला बाहेरची हवा आत जाते आणि जेल खर्ची पडतं. जून ते सप्टेंबर चार महिने, आठवड्याला एक धरून १७-१८ ब्लेड, म्हणजे मे संपताना ४ पाकिटं बाहेर काढून ठेवली की पावसाळाभर साठ्याच्या डब्याला हात लावायला नको. बाहेरची चार पाकिटं बेडरूमच्या ड्रॉवरमध्ये साध्या डबीत चालतील, ती महिन्याभरात एकेक संपतात.

वापरलेल्या ब्लेडसाठी वेगळा पत्र्याचा डबा, झाकणाला फट पाडलेला, तो या कपाटात नको. भरला की चिकटपट्टीने पूर्ण बंद करून, वर ठळक "ब्लेड" लिहून कचरा नेणाऱ्यांकडे द्यायचा. सुटं ब्लेड कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्यांचे हात बरेचदा उघडे असतात.

जेल घेताना निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं आणि ते आपण घरात गरम करणार आहोत. नारिंगी घ्या, भरलं की हिरवं होतं, लांबून कळतं. हिरवं झालं की १२० डिग्रीच्या ओव्हनमध्ये दोन तास, परत नारिंगी. खाण्याचे ट्रे वापरू नका, एक जुनी थाळी त्याच कामाला राखून ठेवा, आणि जेल गार व्हायला उघड्यावर ठेवू नका, काचेच्या बरणीत झाकण लावून गार करा, नाहीतर ओट्यावर गार होता होताच ते परत ओल ओढायला लागतं.